परदेशातील सिमकार्ड आणि न चालणारे इंटरनेट



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की माझ्या टेबलावर दोन प्रकारचे अर्ज येतात. एक म्हणजे नागपूर-अमरावतीकडे लग्नकार्य आहे, चार दिवस आधी सोडावे. दुसऱ्या प्रकारचे अर्ज पूर्वी क्वचित येत, आता बरेच येतात. मामाकडे अमेरिकेला जायचे आहे, आत्याकडे जर्मनीला जायचे आहे, आजी-आजोबाही बरोबर आहेत. एकेकाळी होशंगाबाद रस्त्यावरचे भोपाळबाहेरचे गाव समजल्या जाणाऱ्या आपल्या मिसरोदमधून मुले थेट फ्रँकफर्टला जातात, याचा मला आनंदच वाटतो. पण परत आल्यावर मोठ्या माणसांची एक तक्रार ठरलेली असते. "मॅडम, तिकडचे सिम घेतले, पैसे भरले, फोनही लागत होता, पण नेट काही चालले नाही."

२०२५ च्या मे महिन्यापर्यंत मी हे ऐकून हसत असे. त्यानंतर हसू आलेले नाही.

त्या महिन्यात मी आणि आमचे हे मॉरिशसला गेलो होतो. मॉरिशसच निवडण्याचे कारण असे की तिथे आपल्यासारखाच, किंबहुना आपल्याहून जुना, मराठी समाज आहे. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून जी माणसे भारतातून गेली त्यांत कोकणातली मराठी कुटुंबेही होती. तिथल्या शाळांतून मराठी शिकवले जाते आणि गणेशचतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या माणसाला हे पाहण्याची ओढ वाटणारच.

विमानतळावरच एका कंपनीच्या काउंटरवर पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घेतले. तिथल्या मुलाने ते माझ्या फोनच्या दुसऱ्या खाचेत बसवले. कंपनीचा स्वागताचा संदेश आला, टॉवरच्या रेघा दिसू लागल्या. त्याने स्वतःच्या फोनवरून मला एक फोन लावून पाहिला, तो लागला. नंतर त्याने सेटिंग उघडले आणि थांबला. माझ्या फोनची भाषा हिंदी! माझे पदवीपर्यंतचे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले, त्यामुळे फोन हिंदीतच ठेवण्याची मला सवय आहे. त्या बिचाऱ्याला देवनागरीचे एक अक्षर येत नव्हते. मागे रांग होती. तो म्हणाला, थोड्या वेळाने आपोआप सुरू होईल. मीही मान डोलावली आणि निघाले. पाहुणेघरात वायफाय होते, त्यावर व्हॉट्सॲप चालले, आणि नेट सुरू झाले असे मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वायफायवरून मिसरोदला आईशी बोलणे झाले. ती तेव्हा एकोणऐंशी वर्षांची होती. मग आम्ही पोर्ट लुईला आप्रवासी घाट पाहायला गेलो. बंदराच्या काठी त्या सोळा दगडी पायऱ्या आहेत, ज्यांवरून ती माणसे पहिल्यांदा त्या बेटावर चढली. २००६ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत ही जागा आहे. त्या पायऱ्यांजवळ आम्ही बराच वेळ बसलो होतो.

नेमके त्याच वेळी इकडे आईला थंडी वाजून ताप भरला. वहिनींनी तिला रुग्णालयात नेले. मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला. डॉक्टरांनी विचारले, यांना कुठले औषध सोसत नाही असे काही आहे का? वहिनींना आठवत होते की काहीतरी आहे, पण काय ते माहीत नव्हते. भाऊ इंदूरला, त्यालाही माहीत नाही. माहीत होते ते मला : सल्फाच्या गोळीने आईच्या अंगावर भयंकर गांधी उठतात, आणि ती यादी माझ्या फोनमध्ये होती. वहिनींनी माझ्या भारतातल्या नंबरवर फोन केले. ते लागले नाहीत, कारण आंतरराष्ट्रीय रोमिंग मी सुरूच करून घेतले नव्हते. मॉरिशसचा नंबर मी घरी कळवला नव्हता, कारण व्हॉट्सॲप आहे ना! संध्याकाळी सहाला पाहुणेघराच्या दारात पाऊल टाकले आणि फोन एकामागून एक वाजू लागला. चौदा संदेश होते. आपल्याकडे तेव्हा साडेसात वाजले होते.

डॉक्टर शहाणे होते. त्यांनी वाट न पाहता सल्फा टाळून दुसरे औषध सुरू केले होते. आई चार दिवसांत घरी आली, आणि आज ठीक आहे. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. मी फोन घेऊन बसले, आणि रात्री अकराच्या सुमारास नेट सुरू झाले. दोष दोन होते आणि दोन्ही मिळून पाच मिनिटांच्या कामाचे होते. ते कोणते, आणि मुळात असे होते का, हे सांगण्यासाठी हा लेख आहे. आमच्या विज्ञानाच्या आणि संगणकाच्या शिक्षकांना विचारून, स्वतः चार फोन उघडून पाहून मी हे लिहीत आहे. 'सेटिंग'ला 'जुळणी' म्हणावे की 'मांडणी', यावर आमच्या मराठीच्या बाईंचे आणि माझे एकमत झाले नाही, म्हणून 'सेटिंग'च ठेवले आहे.

सिमकार्ड हे खरे तर ओळखपत्र आहे. त्यात एक पंधरा आकडी क्रमांक असतो. हा आपला मोबाइल नंबर नव्हे, आणि स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यावर दिसतो तोही नव्हे. तो फोनच्या यंत्राचा क्रमांक, जरी तोही पंधरा आकडीच असतो. सिममधल्या क्रमांकाचे पहिले तीन आकडे देश सांगतात. भारताचे ४०४ आणि ४०५, मॉरिशसचे ६१७, अमेरिकेचे ३१० पासून पुढे. त्यानंतरचे दोन किंवा तीन आकडे कंपनी सांगतात. टॉवर हे आकडे पाहतो, कंपनीकडे खातरजमा करतो आणि फोनला आत घेतो. एवढे झाले की रेघा दिसतात, फोन लागतो, संदेश येतात.

इंटरनेटसाठी एवढे पुरत नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. फोनने कंपनीला आणखी एक गोष्ट सांगावी लागते : मला इंटरनेटकडे जायचे आहे, तर कोणत्या दाराने जाऊ? या दाराच्या नावाला 'ॲक्सेस पॉइंट नेम' म्हणजे एपीएन म्हणतात. आपल्या मुलांना मी इटारसीचे उदाहरण देते. भोपाळहून दक्षिणेकडे निघालेली गाडी इटारसीपर्यंत एकाच मार्गाने जाते. तिथून नागपूर वेगळे, खंडवा वेगळे, जबलपूर वेगळे. समजा कोणी पार्सलवर फक्त 'इटारसीमार्गे' असे लिहिले आणि पुढचे गाव लिहिलेच नाही, तर पार्सल इटारसीपर्यंत व्यवस्थित पोहोचेल आणि फलाटावर पडून राहील. एपीएन रिकामे असले की आपल्या व्हॉट्सॲपच्या संदेशाचे हेच होते. टॉवरपर्यंत सगळे ठीक असते, पुढे जायला नाव नसते.

भारतात आपल्याला हे कधी करावे लागत नाही, कारण फोनमध्ये कंपन्यांची एक यादी आधीच भरलेली असते. सिममधले ते पहिले पाच-सहा आकडे वाचून फोन यादीतून नाव उचलतो. जिओचे 'जिओनेट', बीएसएनएलचे 'बीएसएनएलनेट', एअरटेलचे 'एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम'. विद्यार्थ्यांनी वडिलांची परवानगी घेऊन हे सेटिंगमध्ये जरूर पाहावे, मात्र काही बदलू नये. परदेशातली कंपनी लहान असली, नवी असली किंवा आपला फोन जुना असला, तर यादीत ती सापडत नाही. मग जागा रिकामी राहते, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीचे नाव तिथे बसते.

हे दुरुस्त करणे सोपे आहे. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग, मग मोबाइल नेटवर्क, मग जे नवे सिम आहे ते, आणि त्यात 'ॲक्सेस पॉइंट नेम्स'. (कंपनीगणिक या पाट्यांची नावे थोडी बदलतात.) तिथे अधिक चिन्ह दाबून नवी नोंद करायची. पहिल्या ओळीत नाव काहीही लिहा, ते फक्त आपल्यासाठी असते. एपीएनच्या ओळीत मात्र सिमच्या पाकिटावर किंवा पत्रकावर जे छापले असेल तेच, रोमन लिपीत, जसेच्या तसे. मध्ये जागा सुटता कामा नये, आणि फोन पहिले अक्षर आपणहून मोठे करतो ते पुन्हा लहान करावे. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड बहुतेक वेळा रिकामेच ठेवायचे असतात. पत्रकात दिले असतील तरच भरावे. मग कोपऱ्यातील तीन ठिपके दाबून 'सेव्ह'. हे तीन ठिपके पुष्कळांना दिसत नाहीत. ते मागे येतात आणि सगळे लिहिलेले जाते. माझे पहिल्यांदा तसेच गेले. सेव्ह झाल्यावर यादीत त्या नावासमोरच्या गोलात टिचकी मारून ते निवडावे लागते, हेही विसरू नये. शेवटी विमान मोड लावून दहा-पंधरा सेकंदांनी काढावा, म्हणजे फोन टॉवरकडे नव्याने जातो आणि नवे नाव सांगतो. आयफोनमध्ये हीच जागा 'मोबाइल डेटा'च्या आत असते, पण काही कंपन्यांच्या सिमवर ती दिसतच नाही. तिथे कंपनीने पाठवलेली फाइल उतरवून घ्यावी लागते.

हा झाला माझा एक दोष. दुसरा याहून साधा होता, आणि माझ्या मते बहुतेकांचा तोच असतो. आजकालच्या फोनमध्ये दोन सिम बसतात, पण नेट कुठल्या सिमचे वापरायचे हे फोनला सांगावे लागते. माझा फोन अजून भारतातल्या सिमकडेच नेट मागत होता. त्या सिमचे रोमिंग बंद, म्हणून नेट नाही. नवे सिम भरलेल्या पैशांसह शेजारी निवांत बसले होते! सेटिंगमध्ये 'सिम' या भागात 'मोबाइल डेटा' समोर नवे सिम निवडायचे, एवढेच काम. तिथेच एक सोय असते की एका सिमचे नेट कमी पडले तर फोनने आपोआप दुसऱ्याचे घ्यावे. परदेशात ती बंदच ठेवावी, नाहीतर भारतातल्या सिमवर रोमिंगचे बिल चढू शकते.

इथे कोणी विचारेल की मग भारतातले सिम काढूनच का ठेवू नये? काढू नये. बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो, आणि यूपीआयचे ॲपही त्या सिमला बांधलेले असते. सिम काढले की ते पुन्हा नोंदणी मागू शकते. सिम आत राहू द्यावे, त्याचे डेटा रोमिंग बंद ठेवावे, आणि निघण्यापूर्वी कंपनीला सांगून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावे, म्हणजे निदान संदेश येतील. संदेशाचे आणि येणाऱ्या फोनचे किती पैसे लागतील ते तेव्हाच विचारून घ्यावे. फोन उचलला तर पैसे लागतात. पण घरचा फोन वाजला एवढे कळले तरी आपण नव्या सिमवरून उलट फोन करू शकतो. मी हे केले असते तर वहिनींचा पहिलाच फोन मला आप्रवासी घाटावर मिळाला असता.

आता रोमिंगच्या बटणाविषयी एक विचित्र गोष्ट. स्थानिक सिमला रोमिंगची गरज नसते, हे तर्काला धरून आहे. पण काही कंपन्यांचे स्वतःचे टॉवर नसतात, त्या दुसऱ्याचे टॉवर भाड्याने घेतात. त्यांचे सिम आपल्याच देशात कधीकधी 'रोमिंग' दाखवते आणि त्या सिमपुरते डेटा रोमिंग सुरू केल्याशिवाय नेट चालत नाही. युरोपात फिरणाऱ्यांनाही हे बटण लागते. जर्मनीत घेतलेले सिम फ्रान्समध्ये गेले की ते रोमिंगच होते. मात्र १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात त्यासाठी सर्वसाधारण वापराला वेगळे पैसे पडत नाहीत. ब्रिटन आता संघात नाही, हे लक्षात असू द्यावे. जर्मनीला जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की तिथे २०१७ च्या जुलैपासून प्रीपेड सिम ओळख पटवल्याशिवाय सुरू होत नाही. दुकानातून सिम घेतले म्हणजे काम झाले असे नाही, ओळखीची पायरी राहतेच.

पैशांच्या बाबतीतही आपली एक समजूत चुकते. सिममध्ये पैसे असणे आणि नेटचा पॅक असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. काही ठिकाणी पॅक न घेता नेट सुरू केले तर शिल्लक भराभर संपते, काही ठिकाणी नेट सुरूच होत नाही. पॅक चालू झाल्याचा संदेश आला का, हे काउंटरवरच पाहावे.

अमेरिकेला जाणाऱ्या पालकांसाठी आणखी एक गोष्ट, कारण तिथला प्रश्न अनेकदा सेटिंगचा नसून फोनचाच असतो. तिथल्या मोठ्या कंपन्यांनी २०२२ या एका वर्षात आपली जुनी थ्रीजी सेवा बंद केली. त्यामुळे साधे बोलणेही फोरजीवरून, म्हणजे व्होल्टी पद्धतीने करावे लागते, आणि आपल्याकडच्या काही फोनना तिथल्या काही कंपन्या ही परवानगी देत नाहीत. शिवाय टॉवर आणि फोन ज्या लहरींवर बोलतात त्यांचे पट्टे देशोदेशी वेगळे. भारतात फोरजी मुख्यतः १८००, २३००, ८५० अशा पट्ट्यांवर चालते. अमेरिकेत ६०० आणि ७०० चे पट्टे लांबवर आणि घरांच्या आत पोहोचण्यासाठी फार वापरले जातात, आणि भारतात विकलेल्या पुष्कळ फोनमध्ये तेच नसतात. मग शहरात नेट चालते आणि मुलाच्या घराच्या तळघरात चालत नाही. यावर कितीही एपीएन लिहिले तरी उपयोग नाही. निघण्यापूर्वी आपल्या फोनचे मॉडेल तिथल्या कंपनीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यायला मुलाला सांगावे. तिथे टी-मोबाइलचे एपीएन 'फास्ट डॉट टी-मोबाइल डॉट कॉम' आहे. 'टी' आणि 'मोबाइल' यांच्यामध्ये लहान रेघ येते, ती सोडली की गाडी पुन्हा इटारसीला.

कंपनीला बांधलेला फोन असेल तर दुसरे सिम चालणारच नाही. आपल्याकडे असे फोन कमी, पण जिओफोन तसा होता. आणि परदेशातल्या नातेवाइकाने हप्त्यावर घेतलेला जुना फोन भेट दिला असेल तर तोही बांधलेला असू शकतो. तुर्कस्तानात तर नोंदणी न केलेला परदेशी फोन तिथल्या सिमवर १२० दिवसांनंतर बंद पडतो. पण तेवढे दिवस आपल्यापैकी कोण राहणार!

ई-सिम हा नवा प्रकार चांगला आहे, पण सगळ्या फोनमध्ये चालत नाही. ते बसवताना इंटरनेट लागते, म्हणून घरूनच बसवून निघावे. प्रवासासाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच ई-सिममध्ये फक्त नेट असते, फोन नंबर नसतो. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी माझ्या मते नंबर असलेले सिमच घ्यावे.

मॉरिशसपुरते सांगायचे तर १२ फेब्रुवारी २०२४ पासून तिथे यूपीआयने पैसे देता येतात आणि रुपे कार्डही चालते. पण त्यासाठी ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावे लागतात, आणि अर्थातच नेट चालू असावे लागते. तिसऱ्या दिवशी मी एका दुकानात अननस घेऊन यूपीआयने पैसे दिले तेव्हा आमचे हे म्हणाले, मोबाइलच्या बाबतीत हे बेट आपल्यापुढे होते. ते खरे आहे. मॉरिशसमध्ये मोबाइल सेवा १९८९ मध्ये सुरू झाली, आपल्याकडे पहिला फोन लागला तो ३१ जुलै १९९५ ला, कोलकात्याहून दिल्लीला.

काउंटर सोडण्यापूर्वी आता मी काय करते ते सांगते. फोनची भाषा आधी इंग्रजी करते. हे घरीच दोन-तीनदा करून पाहावे, कारण इंग्रजीतून परत हिंदी किंवा मराठीत यायची वाटही ठाऊक हवी. मग वायफाय बंद करते. विमानतळाच्या वायफायवर चाललेले व्हॉट्सॲप काहीच सिद्ध करत नाही. वायफाय बंद असताना एखादे पान उघडले आणि घरी एक संदेश जाऊन त्यावर दोन खुणा उमटल्या, तरच नेट सुरू झाले असे समजते. त्याच संदेशात नवा नंबर देशाच्या क्रमांकासह घरी कळवते. आणि आईच्या औषधांची यादी, न चालणाऱ्या औषधाच्या नावासह, आता मिसरोदच्या घरी फ्रिजवर लावली आहे. ती माझ्या फोनमध्येच का होती, असे वहिनींनी विचारले तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते.

एपीएन लिहिण्याच्या पायऱ्या एका कागदावर मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहून कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावल्या आहेत. ज्या पालकांना किंवा आजी-आजोबांना या सुट्टीत जायचे आहे त्यांनी कोणत्याही शनिवारी मधल्या सुट्टीनंतर संगणक कक्षात फोन घेऊन यावे. नववीतील मुले सराव करून देतील. फोन हिंदीत असला तरी चालेल.